ज्याचे त्याचे अंगुळ

८२, ८० आणि २. दात सरळ करण्याचे शास्त्र शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी हे तीन आकडे सांगता येतात. पहिला वरच्या जबड्याचा कोन, दुसरा खालच्या जबड्याचा, तिसरा त्या दोन्हींमधला फरक. सिसिल स्टाइनर यांनी १९५३ साली आपली मोजणीची पद्धत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून दंतमहाविद्यालयांत हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होत आले आहेत. पाठ करणारा नागपूरचा असो की नैरोबीचा, आकडे तेच. समोरच्या माणसाचा जबडा ८६ भरला की त्याच्या कागदावर ‘वरचा जबडा पुढे’ अशी नोंद होते. कशाच्या पुढे, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. तोच मला बरीच वर्षे सतावतो आहे.

आधी हा आकडा हातात कसा येतो ते जवळून पाहायला हवे. लॅटरल सेफ म्हणजे बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे. रुग्णाला सेफॅलोस्टॅट नावाच्या चौकटीत उभे करतात आणि मान वळू नये म्हणून दोन्ही कानांत दोन दांड्या अलगद सरकवतात. एक्स-रेची नळी डोक्याच्या मध्यरेषेपासून पाच फुटांवर असते. आता पुढचे सगळे संगणकावर होते. पण हाताने ट्रेसिंग केलेल्या माणसाला त्या आकड्यांचा कच्चेपणा जसा कळतो, तसा पडद्यावर कळत नाही. फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावायची, तिच्यावर अॅसिटेटचा कागद चिकटवायचा आणि बारीक शिशाच्या पेन्सिलीने कपाळापासून हनुवटीपर्यंतची कड उतरवून घ्यायची. मग आत शिरायचे. कवटीच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीची खोगिरासारखी खोबण असते, तिच्या मध्यावर पहिले टिंब, एस. नाकाचे हाड कपाळाच्या हाडाला भेटते तिथे दुसरे, एन. वरच्या जबड्याच्या पुढल्या वळणावरचा सर्वांत खोल बिंदू ए आणि खालच्या जबड्यावरचा तसाच बिंदू बी. एस-एन आणि एन-ए या दोन रेघांमधला कोन म्हणजे वरच्या जबड्याचा आकडा; एच्या जागी बी घेतला की खालच्याचा.

यातला ए बिंदू त्रास देतो. त्या जागी हाड कागदासारखे पातळ असते, गालाची सावली त्याच्यावर येते आणि पटाशीच्या दाताच्या मुळाची कड अगदी शेजारून जाते. दोन अनुभवी माणसे एकाच फिल्मवर तो बिंदू मिलिमीटरभर मागेपुढे ठेवतात. एवढ्याने कोन जवळजवळ एका अंशाने बदलतो. सकाळी ८३ आलेला जबडा संध्याकाळी ८४ येऊ शकतो, आणि दोन्ही वेळा पेन्सिल प्रामाणिक असते. पुढे ज्या फरकांविषयी बोलायचे आहे ते बहुतेक दोन-चार अंशांचेच आहेत, म्हणून हे लक्षात ठेवायला हवे.

आता हे आकडे आले कुठून? स्टाइनर यांच्या आधी, १९४८ साली, अमेरिकेत विल्यम डाउन्स यांनी उत्तम दंतरचना असलेल्या मुलामुलींची डोकी मोजली. वय १२ ते १७, दहा मुलगे, दहा मुली. सगळी गोरी. या वीस जणांच्या सरासरीवर एका अख्ख्या शास्त्राची पहिली मोजपट्टी तयार झाली. स्टाइनर यांच्याविषयी तर पाठ्यपुस्तकातच एक आख्यायिका आहे, की त्यांचे आदर्श आकडे मुळात हॉलिवूडच्या एका होतकरू नटीच्या चेहऱ्यावरून आले. खरेखोटे कुणी ठरवलेले नाही, पण शिकवणाऱ्यांना ती सांगावीशी वाटते यातच काही आहे. चार्ल्स ट्वीड यांनी अॅरिझोनात खालचे पुढचे दात जबड्याच्या तळरेषेशी ९० अंशांत उभे असावेत असे ठरवले आणि तिथवर ते आणण्यासाठी चार उपदाढा काढण्याची तयारी ठेवली. त्याच सुमारास, १९४७ साली, स्वीडनमध्ये आर्ने ब्यॉर्क यांनी बारा वर्षांची ३२२ मुले आणि २८१ सैनिक मोजून दाखवले की निरोगी चेहऱ्यांतही केवढे वैविध्य असते. त्यांचे काम अभ्यासकांनी वाचले. दवाखान्यात मात्र सुटसुटीत आकडे गेले. वेळ कमी असलेल्या माणसाला एकच संख्या हवी असते, पसारा नको असतो.

डाउन्स यांच्यावर अन्याय करायचा नाही. त्यांनी प्रत्येक मापाबरोबर त्याची व्याप्तीही छापली होती. चेहऱ्याच्या कोनाची सरासरी ८७.८ आणि पल्ला ८२ ते ९५, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. तेरा अंशांचा पल्ला, तोही वीसच चेहऱ्यांत! पण वाचणाऱ्यांनी सरासरी उचलली आणि पल्ला मागे ठेवला. वर्णनासाठी मांडलेली संख्या हळूहळू उपचाराचे ध्येय झाली. त्यासाठी कुणी सभा भरवली नाही की ठराव केला नाही. रोजच्या कामाच्या रेट्यात ते होऊन गेले.

आदर्श चेहरा शोधण्याची ओढ या शास्त्राला जन्मापासूनच होती. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक एडवर्ड अँगल यांच्यापुढे व्हॅटिकनमधला अपोलोचा पुतळा होता. सरळ नाक, मागे बसलेले ओठ, भरीव हनुवटी. सेंट लुइसमधले चित्रकलेचे शिक्षक एडमंड वर्पेल यांनी त्यांना समजावले की सगळ्या माणसांना एका साच्यात बसवणारे सौंदर्य असत नाही. अँगल यांनी ते ऐकले आणि मग म्हणू लागले की सगळे दात जागच्या जागी नीट जुळवा, चेहरा आपोआप आपल्या परीने सुसंवादी होईल. या उत्तरातही घोटाळा होता, पण निदान त्यात प्रत्येक चेहऱ्याला स्वतःचा सुसंवाद असतो ही कबुली होती. एका दंतवैद्याला ती एका चित्रकाराकडून मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते.

चित्रकलेशी असलेले हे नाते आणखी जुने आहे, आणि तितके निरागस नाही. पेट्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात चित्रकारांसाठी चेहऱ्याचा एक कोन बसवला. कानाच्या छिद्रापासून नाकाच्या तळापर्यंत एक रेघ, कपाळापासून जबड्याच्या टोकापर्यंत दुसरी. त्याच्या मृत्यूनंतर, १७९१ साली, मुलाने तो ग्रंथ छापला. त्यात ओरांगउटानचा कोन ५८, आफ्रिकी आणि काल्मुक माणसांचा ७०, युरोपीय माणसाचा ८० आणि ग्रीक मूर्तीचा १००. काम्पर स्वतः काळी-गोरी सगळी माणसे एकाच मुळातून आली असे आग्रहाने सांगणारा. पण त्याने चेहरे एका ओळीत मांडले होते. ओळीला वरचे टोक आले, खालचे टोक आले, आणि नंतरच्या लोकांनी तिची शिडी केली. फिलाडेल्फियात सॅम्युएल मॉर्टन कवट्यांत आधी बिया आणि मग शिशाच्या गोळ्या भरून वंशांची बुद्धी मोजू लागला. काम्परच्या तक्त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा १०० आहे. तो कोणत्याही जिवंत माणसाचा नव्हता. संगमरवराचा होता, आणि त्याच्याशी जिवंत माणसे ताडून पाहिली जात होती.

१८८२ साली फ्रँकफर्टला मानववंशशास्त्रज्ञ जमले आणि कवट्या एकाच पद्धतीने टेबलावर ठेवता याव्यात म्हणून त्यांनी एक आडवी रेघ ठरवली: कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंत. आज आपला रुग्ण चौकटीत उभा राहतो तो याच रेघेत. क्लीव्हलंडमध्ये होली ब्रॉडबेंट यांनी १९३१ साली सेफॅलोस्टॅट जगापुढे आणला, तो शरीरशास्त्रज्ञ विंगेट टॉड यांच्या प्रयोगशाळेतल्या कवटी धरण्याच्या यंत्रावरून घडवला होता. म्हणजे कोरड्या कवटीसाठी केलेली चौकट जिवंत मुलाच्या डोक्याभोवती आली. ब्रॉडबेंट यांचा हेतू उत्तम होता, त्यांना वाढत्या मुलांचे चेहरे वर्षानुवर्षे कसे बदलतात ते पाहायचे होते, आणि ते त्यांनी पाहिलेही. पण जिवंत माणूस डोके कसे धरतो, याच्याशी फ्रँकफर्टच्या रेघेचे देणेघेणे नव्हते. कुणाची ती रेघ समोर पाहताना वर जाते, कुणाची खाली झुकते. माणसाला आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे पाहायला सांगून त्याच स्थितीत एक्स-रे काढावा, हे कोनराड मूरीस यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले. तरी जुनी रेघ अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. डाउन्स यांची मोजणी प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांत, १९५१ साली, तीन अभ्यासकांनी तीच मापे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांवर लावून पाहिली. चेहरे निरोगी, दात जुळलेले आणि तरी आकडे वेगळे. त्यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली. उत्तर भारतीयांचा १९६९ साली झाला, जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांचा १९७८ साली. टोरांटोच्या लेस्ली फारकाश यांनी २००५ साली अनेक देशांतल्या सहकाऱ्यांना घेऊन १,४७० तरुण-तरुणींच्या चेहऱ्यांची मापे एकत्र केली. ढोबळ चित्र असे दिसते: आफ्रिकी वंशाच्या आणि पूर्व आशियाई लोकांत दोन्ही जबड्यांचे पुढचे दात जास्त पुढे कललेले आणि ओठ भरलेले, पूर्व आशियात खालचा जबडा पुढे असण्याचे प्रमाण जास्त, उत्तर युरोपीयांत तो मागे असण्याचे.

या अभ्यासांनी मोठे काम केले, हे आधी मोकळेपणाने म्हणायला हवे. ते नसते तर वीस गोऱ्या मुलांची पट्टी लावून कितीतरी सुंदर, भरलेले चेहरे रोगी ठरत राहिले असते. चार उपदाढा काढल्या की वरखाली दोन्ही बाजूंना सुमारे सात-सात मिलिमीटर जागा होते, पुढचे दात मागे जातात आणि त्यांच्यामागून ओठही काही प्रमाणात मागे बसतात. वयाबरोबर ओठ पातळ होतात, नाक आणि हनुवटी उठून दिसू लागतात. विसाव्या वर्षी जरासा बसलेला चेहरा पन्नाशीत पोकळ दिसू शकतो. काढलेला दात परत येत नाही. आपल्या मापाने आपल्या लोकांना आजारी म्हणू नका, असे या अभ्यासांनी आकड्यांच्याच भाषेत सांगितले, आणि ज्यांना दुसरी भाषा पटली नसती त्यांना ती पटली.

तरीही मला इथे थांबता येत नाही. एक पट्टी अन्यायाची होती म्हणून दहा पट्ट्या केल्या, पण चेहऱ्याला पट्टी लावायची ही कल्पना तशीच राहिली. शिवाय दहा पट्ट्या करायच्या तर माणसांचे दहा ढीग करावे लागतात. ढीग कोण करणार, कशाच्या आधारावर?

आपल्याकडे हा प्रयोग एकदा सरकारी इतमामात झालेला आहे. हर्बर्ट रिस्ली हा मुलकी अधिकारी १८८०च्या दशकात बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात कॅलिपर घेऊन माणसांची नाके मोजत होता. नाकाची रुंदी भागिले लांबी. त्याचा दावा असा की नाक जितके रुंद तितकी जात खालची. १९०१च्या जनगणनेचा तो आयुक्त होता, त्यामुळे ही कल्पना कचेऱ्यांपर्यंत पोचली. मालवणात जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग घडवणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात रिस्लीचीच मापे पुन्हा तपासली. गंगेच्या खोऱ्यात काही प्रमाणात दिसणारा तो क्रम बाकीच्या प्रांतांत मोडतो, हे त्यांनी मांडले.

घुर्ये यांच्याकडेच शिकलेल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, आफ्रिकेतल्या मिश्र वंशाच्या लोकांवर लिहून नाव कमावलेले, पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराला शास्त्राचा आधार पुरवणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध लागतो का, हा विषय त्यांनी इरावतीबाईंना दिला. गोऱ्या माणसाच्या कवटीत त्याच्या बुद्धीची खूण सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि लिहिले की असा संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आत-बाहेरची, परक्या देशातली, परक्या भाषेत प्रबंध लिहिणारी मराठी बाई. तिची पदवी त्या माणसाच्या हातात. तिने आकडे आले तसे ठेवले. आमच्या शास्त्राच्या इतिहासाच्या पुस्तकांत काम्पर असतो, अँगल असतात, ब्रॉडबेंट असतात. मला वाटते हा प्रबंधही तिथे असायला हवा.

आणि त्यापुढची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. इरावतीबाईंनी कॅलिपर खाली ठेवला नाही. डेक्कन कॉलेजात त्या महाराष्ट्रभर फिरून माणसे मोजत राहिल्या. वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्यांनी १९५१ साली महाराष्ट्रातल्या शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मोजण्यांतून आणि त्यांच्या सगळ्या क्षेत्रकार्यातून त्यांचा एक निष्कर्ष घट्ट होत गेला: ब्राह्मण, मराठा, कुणबी ही नावे ज्या गटांना आपण देतो ते एका रक्ताचे गट नव्हेत. प्रत्यक्ष लग्ने होतात ती पोटजातींत, आणि एकाच नावाखाली येणाऱ्या दोन पोटजाती मापांत एकमेकींच्या जवळ असतीलच असे नाही. म्हणजे आयुष्यभर मोजून त्यांनी मोजण्याच्या कप्प्यांवरच प्रश्नचिन्ह लावले.

हे ध्यानात ठेवून मी २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचतो. स्टाइनर, ट्वीड, रिकेट्स आणि मॅकनमारा यांच्या मापांची मराठा लोकसंख्येतली सरासरी त्यात दिली आहे. काम मेहनतीचे आहे, हेतूही तोच, आपल्या माणसांना परकी पट्टी लागू नये. पण मराठा म्हणजे कोण, हे एक्स-रेच्या खोलीत कसे ठरवायचे? आडनावावरून? पाटील मराठ्यांत आहेत, आगऱ्यांत आहेत, कोळ्यांत, जैनांत, लिंगायतांत आहेत. कोकणातला मराठा आणि खानदेशातला मराठा यांच्यात किती पिढ्यांत सोयरीक झाली नसेल? हा त्या एका अभ्यासाचा दोष नव्हे. देशभरच्या दंतमहाविद्यालयांत पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लागतो, आणि आपल्या भागातल्या एखाद्या समाजाची सरासरी काढणे हा हाताशी असलेला विषय असतो. इतिहासातून बाहेर काढलेली जात अशा रीतीने तक्त्याच्या मथळ्यातून परत आत येते.

आकड्यांकडेच वळू या, कारण आकडेच याचे उत्तर देतात. वरच्या जबड्याच्या त्या ८२ अंशांभोवती एकाच गटातल्या निरोगी माणसांचा प्रमाण विचलनाचा आकडा साधारण साडेतीन अंश येतो. म्हणजे एकाच गावातल्या शंभर धडधाकट माणसांपैकी पंचाण्णव जण ७५ ते ८९ या चौदा अंशांत पसरलेले असतात. आणि गटागटांच्या सरासरींमधला फरक? बहुधा दोन ते चार अंश. त्यातला एक अंश पेन्सिलीचा. दोन समाजांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर बहुतेक भाग झाकला जातो. जॉन रेलेथफर्ड यांनी १९९४ साली जगभरच्या कवट्यांची मापे घेऊन हेच दाखवले: माणसांच्या कवट्यांतल्या एकूण वैविध्याचा फार मोठा भाग प्रत्येक प्रदेशाच्या आतच असतो, प्रदेशाप्रदेशांमधला वाटा दहाव्या हिश्श्याच्या थोडा पुढे. गटाचे नाव कळल्याने समोरच्या चेहऱ्याबद्दल आपल्याला कळते ते इतकेच.

शिवाय चेहरा गोठलेला नसतो. फ्रान्झ बोआस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधली स्थलांतरित कुटुंबे मोजली, सुमारे अठरा हजार माणसे, आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा वेगळी भरतात असा निष्कर्ष काढला. त्या बदलाच्या मोठेपणावरून अलीकडे पुन्हा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. बदल किती हा प्रश्न आहे, पण परिस्थितीचा हात अजिबात नाही असे आता कुणी म्हणत नाही. रॉबर्ट कोरुचिनी आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९८०च्या दशकात चंदीगडच्या परिसरात पंजाबी मुले तपासली. लोक तेच, पण शहरातल्या मुलांचे दात खेड्यातल्या मुलांपेक्षा जास्त वेडेवाकडे. त्यांचा रोख मऊ अन्नाकडे होता. चावायला कष्ट पडले नाहीत की जबडा पुरता वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे. तोंडाने श्वास घेण्याची सवय, सुजलेले टॉन्सिल, लहानपणी फार लवकर काढलेल्या दुधाच्या दाढा यांचाही जबड्यावर परिणाम होतो. ‘वंश’ म्हणून आपण जे मोजतो त्यात किती भाकरी आहे आणि किती पाव, हे फिल्मवर दिसत नाही.

यावर वाट काय, असा विचार करताना मला एक फार जुना ग्रंथ आठवतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मूर्तीची मापे दिली आहेत. मुख बारा अंगुळे लांब, बारा अंगुळे रुंद. लगेच तो सांगतो की नग्नजिताच्या मते लांबी चौदा अंगुळे, आणि ते द्राविड मान आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच दोन प्रदेशांच्या दोन सरासरी शेजारी शेजारी मांडलेल्या, कोणतीही एक खोटी न ठरवता! पण त्याहूनही मला थांबवते ती त्याची अट. ही अंगुळे मोजायची ती त्या मूर्तीच्या स्वतःच्या अंगुळाने. कारागिराच्या बोटाने नाही, राजाच्याही नाही. मूर्ती लहान असो की प्रचंड, तिचे मान तिच्यातूनच काढायचे. शिल्पशास्त्र देवांच्या मूर्तींसाठी आहे, रुग्णांसाठी नव्हे, आणि त्यातली मापेही आदर्शाचीच आहेत, हे मी विसरत नाही. तरी एका अवयवाचे माप त्याच देहातल्या दुसऱ्या अवयवाशी ताडायचे, ही रीत आमच्या शास्त्राच्या फार कामाची आहे.

आमच्या शास्त्राने ती स्वतःच्या वाटेने शोधलीही. डोनाल्ड एन्लो यांनी चेहऱ्याचा प्रत्येक भाग त्याच चेहऱ्यातल्या त्याच्या जोडीदार भागाशी ताडून पाहण्याची पद्धत मांडली. वरच्या जबड्याची लांबी खालच्या जबड्याशी, बाहेरच्या कुणाशी नाही. बर्गनचे हासुंड आणि त्यांच्या परंपरेतले झेग्नर यांनी तरत्या मानकांची कल्पना आणली. तिच्यात ८२ हा आकडा एकटा तपासायचाच नाही. वरचा जबडा ८८ असेल, त्याला शोभेल इतका खालचा जबडाही पुढे असेल आणि कवटीच्या तळाचा कल त्यांना साजेसा असेल, तर तो चेहरा निरोगी आहे, सरासरी काहीही म्हणो. उलट दोन्ही आकडे पाठ्यपुस्तकातले असूनही एकमेकांशी जुळत नसतील तर तिथे काम आहे. मला हा विचार वंशनिहाय तक्त्यांपेक्षा कितीतरी पुढचा वाटतो, आणि तो वर्गांत जेमतेम एखाद्या तासात उरकला जातो याचे मला दुःख आहे.

व्यवहारात हे कसे दिसते? एक आई अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. “डॉक्टर, हिचे दात आत घ्यायचेत. पुढच्या वर्षी स्थळं बघायला घेणार आहोत.”

मी फिल्म पाहिली. दोन्ही जबडे पुढे, पण एकमेकांशी नीट बसलेले. दात जुळलेले. “ताई, घरात अजून कुणाचे असे आहेत?”

“सगळ्यांचेच की. माझ्या सासूबाईंचे तर हिच्याहून पुढे. पण त्या काळात कोण बघत होतं?”

मी मुलीला विचारले, “तुला स्वतःला काय त्रास होतो गं?”

तिने जरा विचार केला. “दिसण्याचं काही नाही सर. पण ओठ मिटायला जोर लावावा लागतो. झोपेत तोंड उघडं राहतं, सकाळी घसा कोरडा पडतो.”

तिने ओठ मिटले तेव्हा हनुवटीवरची कातडी ताणून तिच्यावर बारीक खळगे उठले. हा पुरावा मला तक्त्यातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाचा वाटला, कारण तो तिच्याच स्नायूंनी दिला होता. नाकाने श्वास नीट घेता येतो का, हे तपासायला तिला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवले. मग दात किती मागे न्यायचे ते ओठ विनासायास मिटण्यावर ठरवायचे, ८२ वर नाही आणि सासूबाईंच्या घराण्याच्या सरासरीवरही नाही, असे मी दोघींना सांगितले. आईला ते लगेच पटले नाही. तिला एक चेहरा डोळ्यांपुढे दिसत होता, बहुधा टीव्हीवरचा, आणि त्या इच्छेला हसण्यात अर्थ नाही. लग्नाच्या बाजारात मुलीच्या ओठांकडे कोण कसे पाहते हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. एवढे खरे की त्या बाजाराचे मत मला शास्त्र म्हणून तिच्यापुढे ठेवता येणार नव्हते. पूर्वी नेमके तेच कोनांच्या आडून होत आले आहे.

आज संगणक फिल्मवरचे बिंदू स्वतः टिपतो आणि काही क्षणांत सगळे कोन काढून देतो. त्याआधी पुष्कळ प्रणालींत एक यादी उघडते: कोणत्या लोकसमूहाची मानके लावायची? यंत्राच्या अचूकतेची चर्चा पुष्कळ होते, त्या यादीची होत नाही. प्रबंधासाठी विषय शोधत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता अमुक समाजाची सरासरी काढू नका म्हणतो. नुसत्या सरासरीसाठी निरोगी माणसांना किरणोत्सर्गात उभे करण्याचे समर्थनही मला आता करवत नाही. कपाटांत आणि संगणकांत उपचारासाठी काढलेल्या हजारो फिल्म पडून आहेत. त्यांतल्या कोणत्या चेहऱ्यात कोणते माप कोणत्या मापाला सांभाळून घेते, ते शोधा. एकाच घरातल्या आई-मुलींच्या फिल्म सापडल्या तर शेजारी ठेवा. लहानपणी काय खाल्ले, श्वास कसा घेतला, दाढा कधी काढल्या, ते विचारून लिहा. आणि शेवटच्या तक्त्यात सरासरीबरोबर प्रत्येक माणसाचा बिंदू वेगळा छापा, म्हणजे वाचणाऱ्याला सगळा विखुरलेला समुदाय एकदम दिसेल. गेल्या खेपेला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग शीर्षकात लोकसंख्येचं नाव काय घालू?” मी तिला म्हटले, फिल्म कोणत्या शहरातल्या दवाखान्यातल्या आणि कोणत्या वर्षांतल्या, तेवढे लिही.